आधी गाड्या, मग माणसं, शेवटी टेबलं

ताई, आज दार पुन्हा अडकलं. पावसाळ्यात ते फुगतं हे तुम्हाला मी काय सांगायचं! आतून कितीही ओढलं तरी येत नाही, बाहेरून कुणी खांदा लावला तरच सुटतं. आपली रीत ठरलेली होती. आत असेल त्यानं कडी ओढायची, बाहेर असेल त्यानं ढकलायचं, आणि दार सुटलं की दोघांनी मिळून ते बसवणाऱ्या सुताराचा उद्धार करायचा. आज आत मी एकटाच. थोडा वेळ ओढत बसलो, मग खिडकीतून खालच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. तो वर आला, दाराला एक लाथ घातली आणि म्हणाला, "मॅडम होत्या तवा ही वेळ नाय आली, साहेब." मी त्याला चहाला थांब म्हणालो नाही. थांबला असता तर त्याच्यासमोर रडू फुटलं असतं.

परवा तुमचा दहावा झाला. त्याआधी दोन शोकसभा झाल्या, एक तुमच्या नगरपरिषदेत आणि एक आमच्या. दोन्हीकडे फोटो तोच, हार तसाच आणि भाषणंही तीच. तुमचे नगराध्यक्ष म्हणाले, शैलाताई आमच्या होत्या. आमचे म्हणाले, शैलाताई आमच्याही तितक्याच होत्या. मी दोन्हीकडे मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. कारण गेलं दीड वर्ष या दोन्ही गावांना आपण दोघंही नको होतो, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक.

आमच्या अध्यक्षांनी तुमच्या शोकसभेतच मला बाजूला घेतलं. म्हणाले, "संजय, ताई गेल्या. आता तू एकटा त्या खोलीत काय करणार? दुसरा टप्पा पुढे ढकलावा, अशा दोन ओळी लिहून दे. तुझी जुनी खुर्ची तुला परत देतो." आज सकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दिलं. काय दिलं ते शेवटी सांगतो, कारण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून जायची तुमची ही सवय मला पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही.

पहिला दिवस आठवतो ना? दोन नगरपरिषदा, मधे कादवा नदी. दोन्ही इतक्या लहान की एकीकडे मैला उपसायची गाडी होती तर ती चालवायला माणूस नव्हता, आणि दुसरीकडे माणूस होता तर गाडी नव्हती. पंप दुरुस्त करणारी माणसं दोन्हीकडे अपुरी. दाखले आणि करवसुलीचं काम दोन्हीकडे तुंबलेलं. म्हणून वरून ठरलं की ही सगळी पाठीमागची कामं दोघांनी मिळून चालवायची. त्यासाठी एक संयुक्त कक्ष काढायचा आणि दोन्हीकडून एकेक माणूस द्यायचा. तुमच्याकडून तुम्ही, आमच्याकडून मी. कक्ष कुठे असावा यावर दोन्ही सभागृहं दोन महिने भांडली. तुमच्या गावात ठेवायला आमचे तयार नव्हते आणि आमच्या गावात ठेवायला तुमचे. शेवटी दोघांनाही सारखाच गैरसोयीचा म्हणून तो थेट नाशकात, अंबडच्या कारखान्यांच्या बाजूला या वेल्डिंगच्या दुकानावर आला. नदीच्या दोन काठांवरची दोन माणसं एकमेकांशी बोलायला रोज एसटीनं नाशकात यायची. हे ऐकून माझी बायको म्हणाली होती, "सरकारी कामात डोकं लावायचं नसतं म्हणतात, ते खरंय."

खोलीत दोन टेबलं समोरासमोर, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसतं काय तर शेजारच्या शेडचा पत्रा. मी पिशवी ठेवली आणि म्हणालो, "आपल्याला इथं कोंडलंय." तुम्ही छत्री दाराला अडकवलीत आणि म्हणालात, "भाऊ, कोंडलं असतं तर एकेकट्याला कोंडलं असतं. चहा कुठं मिळतो ते बघा आधी."

आणि त्याच दिवशी तुम्ही तुमचं ते सूत्र सांगितलंत. आधी गाड्या, मग माणसं, शेवटी टेबलं. गाडी कुणाची असली तरी ती तक्रार करत नाही, म्हणून पहिल्या टप्प्यात टँकर, जेसीबी, मैल्याची गाडी आणि शववाहिनी. दुसऱ्या टप्प्यात पंपावरची माणसं, कारण माणसाला पटवावं लागतं. दाखले आणि कर शेवटी, कारण टेबल सोडायला या जगात कुणी तयार होत नाही. मी म्हणालो, हे चुकीचं आहे. जे करायचं ते एका दिवसात करा. लोक एकदाच ओरडतील आणि गप्प बसतील. टप्पे पाडले की माणसं मधेच लटकतात, जुनं हातून गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. तुम्ही म्हणालात, "लटकू द्या की थोडं. लटकल्याशिवाय हात धरायची बुद्धी होत नाय."

हे भांडण आपण दीड वर्ष भांडलो. डबा खाताना भांडलो, एसटीच्या थांब्यावर भांडलो. एकदा तर कंडक्टरनं विचारलं, तुम्ही नवरा-बायको का? तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की पुढच्या सीटवरचं पोर जागं झालं. "नाय हो," तुम्ही म्हणालात, "नवरा माझं ऐकतो."

लटकलो मात्र आपणच. पहिला टप्पा सुरू झाला आणि आमच्या कार्यालयानं माझी खुर्ची लगेच दुसऱ्याला दिली. कक्षातली पदं मंजूर होणार तिसऱ्या टप्प्यात. म्हणजे मागे जागा उरली नव्हती आणि पुढची अजून तयार व्हायची होती. पगार गावाकडून, काम नाशकात, आणि शिव्या दोन्हीकडून. मी रोज कुरकुरायचो. म्हणायचो, ताई, आपण दोघंही पुरते अडकलो. तुम्ही तुमच्या काळ्या चहात लिंबू पिळत म्हणायचात, "हो बाई, अडकलो खरं." त्या 'हो'वर मी किती दिवस काढले याची तुम्हाला कल्पना नसेल. आपल्यासारखंच अजून कुणीतरी अडकलंय, एवढ्यावर माणूस रोज एसटी पकडतो.

एकदा असाच मी वैतागलो होतो तेव्हा तुम्ही इगतपुरीची गोष्ट सांगितलीत. तुमचं माहेर तिथलं, वडील रेल्वेत. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, ती मागून ढकलतात आणि इगतपुरीला गाडी वर आली की सोडून देतात. लहानपणी तुम्ही ती सुटलेली इंजिनं बघायला जायचात. "आपलं काम तेवढंच, भाऊ," तुम्ही म्हणालात. "ढकलायचं. वर गेली की सुटायचं." मी म्हणालो, गाडीत बसलेल्यांना तर मागे कोण ढकलतंय हेही कळत नाही. तुम्ही म्हणालात, "कळायला कशाला पाहिजे? त्यांना मुंबईहून नाशकाला यायचंय, आपल्याला भेटायला नाय."

ताई, तुम्ही वर पोचायच्या आधीच सुटलात. अर्ध्या घाटात. हा माझा तुमच्यावरचा पहिला राग.

आणि ती चैत्राची भानगड. ती आठवली की अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. आपण दोघांनी गाड्यांचं वेळापत्रक किती कौतुकानं केलं होतं! आमचा बाजार बुधवारी, तुमचा रविवारी. त्याप्रमाणे टँकर, साफसफाई, सगळं चोख. कुणालाही दाखवावं असं. चैत्री पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तुम्ही डबा उघडता उघडता म्हणालात, "परवा मी येणार नाय हं, आमच्या भैरोबाची जत्रा." माझा घास हातातच राहिला. कारण परवा मीही येणार नव्हतो. आमच्या देवीची जत्रा.

दोन गावं, मधे एक नदी, आणि दोन्ही जत्रा एकाच पौर्णिमेला. आणि त्या दिवशी दोन्हीकडे टँकर लागणार, मैल्याची गाडी लागणार. टँकर एक, गाडी एक. मी जन्मापासून त्या गावचा, तुम्हीही लग्न होऊन आल्याला तीसेक वर्षं झालेली, पण पलीकडची जत्रा दोघांनीही कधी पाहिलेली नव्हती. पाहणार कशी? त्या दिवशी माणूस आपल्या देवाला असतो. आणि आपल्या गावची जत्रा कधी असते हे काय कुणाला सांगावं लागतं? म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही आणि तुम्ही मला. बाजाराचे वार मात्र तांबड्या शाईनं लिहून भिंतीला लावले होते.

मी म्हणालो, बघा, हे तुमचे टप्पे! दोन्हीकडचं सगळं आधीच एका ठिकाणी आणलं असतं तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. तुम्ही पाणी प्यायलात, आणि म्हणालात, "गाड्या सकाळी तुमच्याकडं. दुपारी आमच्याकडं." मी म्हणालो, तुमची माणसं तुम्हाला फाडून खातील. तुम्ही म्हणालात, "खाऊ द्या. मी आहे ना."

तुमचं ते 'मी आहे ना'! मला त्याची चीड होती. साऱ्या प्रश्नांना तुमच्याकडे तेवढं एकच उत्तर असायचं.

जत्रेच्या दिवशी तुम्ही सकाळीच आमच्या गावात हजर. माणसं टँकरवर तुटून पडली होती आणि तुम्ही उन्हात उभं राहून त्यांना रांगेत लावत होतात, स्वतःच्या गावची पालखी सोडून. दुपारी तुम्ही टँकरच्या केबिनमध्ये चढून बसलात, पदरात आमच्या जत्रेची गोडीशेव घेऊन. मीही मागे लटकलो, कारण एकटीला पाठवायची लाज वाटली. पुलापलीकडे तुमची माणसं वाटच बघत होती. घसे कोरडे, डोकी तापलेली. तुमचे एक नगरसेवक थेट दारापाशी आले. "ताई, सकाळधरून आमची पोरंबाळं तहानली हायेत. एक सांगा, तुम्ही आमच्या का त्यांच्या?"

तुम्ही खाली उतरलात, पदर खोचलात, नळी स्वतः ओढलीत आणि म्हणालात, "आज मी गाडीची."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं, गाडीची तर गाडीची, पाणी सोड." सगळे हसले. पुढे गोडीशेवही वाटून संपली. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. पण तसं मी तुम्हाला सांगितलं नाही. भांडणात आपली बाजू कमजोर झाली असती.

मग तो दिवस आला. सकाळी थांब्यावर तुम्हाला चक्कर आली आणि दवाखान्यातून तुम्ही घरी आलात त्या चादरीत गुंडाळलेल्या. आदल्या संध्याकाळीच आपण दुसऱ्या टप्प्यावरून फोनवर भांडलो होतो. तुम्ही शेवटी म्हणालात, "भाऊ, माझा एक मुद्दा राहिलाय. उद्या सांगते." तेव्हापासून मी तो मुद्दा शोधतोय.

तुमच्या अंगणात ताडपत्री बांधली होती आणि पावसाची भुरभुर चालू होती. सगळी तयारी झाली आणि शववाहिनी येईना. कारण ती आमच्या गावात गेली होती, तिकडेही कुणी म्हातारबाबा गेले होते. दोन गावांत मिळून गाडी एक. आपणच ठरवलेलं. तुमच्या गावातली माणसं माझ्याकडे बघत होती आणि एक जण मला ऐकू येईल असं म्हणाला, "घ्या, हा पहिला टप्पा. ताईलाच थांबवली." मी ताडपत्रीच्या खांबाला धरून उभा राहिलो. जाता येत नव्हतं आणि थांबवत नव्हतं. तुम्ही आत होतात आणि मला एकच गोष्ट वाटत होती, की तुम्ही उठून बाहेर यावं आणि या सगळ्यांना तुमच्या पद्धतीनं गप्प करावं.

गाडी आली तेव्हा आमच्या गावचा ड्रायव्हर उतरला तो रडतच. म्हणाला, "भाऊ, तिकडचं उरकलं आन् लय पळवली गाडी. ताईला म्हणावं, रागावू नको." ताईला म्हणावं! जणू मी आत जाऊन तुम्हाला निरोप देणार होतो. मी दिलाही, मनात. ऐकू आला असेल तर हसला असाल.

आता परवाची गोष्ट. दहाव्याला तुमची पंपावरची माणसं आली होती, सगळी. ज्यांना दुसऱ्या टप्प्यात आमच्या गावात जायचंय, ती. जेवण झाल्यावर मला घेरून उभी राहिली. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "ताईंच्या शब्दावर आम्ही हो म्हणलो, भाऊ. त्या म्हणल्या होत्या, तिकडं कुणी तुम्हाला परकं केलं तर मी आहे ना. आता ताई नाय. आमचं कोण हाय?" माझ्या खिशात अध्यक्षांचा निरोप होता, म्हणजे खरं तर डोक्यात. दोन ओळी आणि खुर्ची. मी म्हणालो, बघू. त्या माणसांच्या तोंडाकडे मला पुन्हा बघवलं नाही.

निघताना दाजींनी मला ओट्यावर बसवलं. तुमचे यजमान तसे कमी बोलतात. बागेत औषध मारायचं राहिलंय, या पावसात काही खरं नाही, असं काहीबाही झालं. मग खाली बघून म्हणाले, "संजयभाऊ, एक सांगू का? हिला नगरपरिषदेतल्या साहेबांनी विचारलं होतं. तुमचा पहिला टप्पा सुरू झाला तवाच. म्हणले, तुमची खुर्ची आम्ही भरत नाय. नाय जमलं तर कधीपण परत या."

मी म्हणालो, "मग?"

"मग हिनं घरी येऊन मला सांगितलं. मी म्हणलं, घे की, बरंच झालं. तर म्हणती, 'त्या संजयभाऊची खुर्ची गेली. मी परतीचं तिकीट खिशात ठिवून रोज त्या माणसासमोर कशी बसू?' दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगून आली, भरून टाका म्हणून."

ताई, हा माझा दुसरा राग, आणि हा मोठा आहे. दीड वर्ष मी तुमच्यासमोर बसून रडगाणं गायलं, की आपण दोघं अडकलो. आणि तुम्ही लिंबू पिळत म्हणत होतात, हो बाई, अडकलो खरं. तुम्हाला परत जाता येत होतं! दार उघडं होतं आणि ते तुम्ही स्वतःच्या हातानं लावून घेतलंत. का? तर समोरच्या टेबलावरच्या एका कुरकुऱ्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून. असं कुणी करतं का? आणि करून वर सांगायचं नाही? मला आभार मानायलाही तुम्ही जागा ठेवली नाहीत. परवा संध्याकाळी पुलावर मी स्कूटर थांबवली आणि तुम्हाला मोठ्यानं चार शब्द सुनावले. एक मेंढपाळ बघत होता, त्याला वाटलं असेल दारू प्यालाय.

आणि आता तीच खुर्ची माझ्यासमोर. तोच प्रश्न, जो तुम्हाला घातला होता. दोन दिवस मी त्याच्याशी झगडलो. मला जायचं होतं, ताई, हे तुमच्यापाशी लपवत नाही. घरापासून चालत पाच मिनिटांवरचं कार्यालय, दुपारी घरी जेवण, ओळखीची माणसं. इथं पत्र्याकडे बघत, तुमच्या रिकाम्या टेबलासमोर बसायचं माझ्यात बळ नव्हतं. अजूनही नाही.

सकाळी अध्यक्षांचा फोन आला. "काय ठरलं? लिहितोस ना?"

मी म्हणालो, "साहेब, खुर्ची नको. सोमवारी माणसांची अदलाबदल ठरलीय, ती होईल."

"आरं येड्या, त्यांच्या गावचे पंप चालवायला तू तिथं मरणार का? तू आपला हाय का त्यांचा?"

आणि तोंडातून निघून गेलं, विचार न करता. "आज मी गाडीचा."

पलीकडून फोन कट झाला. बहुतेक त्यांना वाटलं असेल, तुमच्या जाण्यानं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यानंतर मी तुमच्या पंपावरच्या थोरल्याला फोन लावला. म्हणालो, सोमवारी या सगळे, मी आहे ना. ते तीन शब्द माझ्या तोंडात अजून बसत नाहीत. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटलं. पण तो म्हणाला, "बरं," आणि त्याच्या आवाजावरून कळलं की त्याला तेवढंच हवं होतं.

फोन ठेवला, चहा आणायला उठलो, आणि दार अडकलेलं.

मी तुमचं म्हणणं मान्य केलंय असं समजू नका. मला अजून वाटतं की सगळं एकदम करायला हवं होतं. सोमवारी काहीतरी बिघडणारच आहे आणि बिघडलं की मी तुमच्या टेबलाकडे बघून म्हणणार आहे, बघा, म्हणालो होतो ना. भीतीही वाटते. आता परतीची वाट खरोखर बंद झाली, आणि या वेळी ती मीच केली. तुमची छत्री दाराला अजून तशीच अडकवलेली आहे. दाजी न्यायला येतो म्हणाले होते, मी म्हणालो, राहू द्या.

वेल्डिंगवाला खाली गेल्यावर मी दाराला एक वीट लावून ठेवली. आता ते पूर्ण लागत नाही. पाऊस थोडा आत येतो, येऊ दे. तुमचा एक मुद्दा राहिलाय.